रुमालाखालचा तुझा हात

सदा, मी तुझ्यावर चिडलेलो आहे. हे आधीच सांगतो. गोड बोलून सुरुवात करायची आणि हळूच मुद्द्यावर यायचं ही तुझी पद्धत. मला ती कधी जमली नाही.

गावच्या मंडळानं तुझ्यावर लिहायला सांगितलंय. सेक्रेटरी घरी येऊन म्हणाला, "गणपतशेठ, जन्म, शिक्षण, व्यवसाय, सामाजिक कार्य, असं क्रमानं लिहा." मी म्हटलं, ते सगळं तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. मला जे बोलायचंय ते मी सदाशी बोलणार. छापायचं तर छापा, नाहीतर कागद परत करा. तो कागद ठेवून गेला. तुझं तेरावं होऊन आज बारा दिवस झाले.

तेराव्याला नेरूळच्या तुझ्या घरात चपला काढायला जागा नव्हती. जो तो म्हणत होता, सदानंद म्हणजे देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी खिडकीपाशी बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. बावीस वर्षांची आपली भागीदारी, आणि तू माझ्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलंस. गाळ्याला निळा रंग काढू म्हटलं की तुला हिरवा हवा. मुलाला कॉमर्सला घालतो म्हटलं की तू त्याला परस्पर विचारून यायचास, तुला काय शिकायचंय म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तुझं सुरू व्हायचं, "थांब जरा, गण्या." हे ज्यांनी ऐकलं नाही ते तुला देवमाणूस म्हणत होते.

आता थोडं मार्केटचं लिहितो. वाचणाऱ्यांना कळायला हवं, असं सेक्रेटरी म्हणतो. तुला माहीत आहे, तू या ओळी सोड.

हापूसच्या हंगामात पेटीचा भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दलाल आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात, आणि आत बोटांनी भाव ठरतो. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून कळायचं. शेजारी उभा असलेल्याला पत्ता लागत नाही. तोंडानं तोवर हवापाण्याच्या गप्पा.

आपल्यात तोंड वाचणं माझं आणि हात तुझा. समोरच्यानं कमी बोटं दाबली की माझ्या कपाळावरची शीर उठायची, मग रुमाल असला काय आणि नसला काय. तुझा चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा. खरेदीदाराला घरची विचारपूस करत करत तू त्याला वर चढवत न्यायचास. मी तुझ्यामागे उभा राहून त्याचं तोंड वाचायचो. यापुढं येणार नाही असं तो म्हणाला, की ते खरं की थाप हे मला पापणीवरून कळायचं. मी खोकलो की तू एक बोट वाढवायचास. "गण्यापुढं कुणाचं खोटं टिकत नाही," हे तूच मार्केटभर सांगत फिरायचास. मला ते आवडायचं, हे मी तुला कधी दाखवलं नाही.

मुंबईच्या जुन्या मार्केटात असताना मी त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या कानाखाली वाजवली होती, आठवतं? त्यानं पेट्या उन्हात ठेवल्या होत्या, अर्धा माल काळा पडला. मला चौकीत नेऊन बसवलं. तू वडापाव घेऊन आलास आणि हवालदारासमोर बाकड्यावर मांडी घालून बसलास. म्हणालास, "साहेब, ह्याला ठेवून घेऊ नका. संध्याकाळपर्यंत तुमच्या चहाचा भाव पाडून ठेवेल." हवालदार हसला. तिसऱ्या चहाला त्यानं मला सोडलं. बाहेर आल्यावर तू मला जे झापलंस ते त्या हवालदारानंही झापलं नसतं. दुपारभर तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी त्या ट्रान्सपोर्टवाल्याला घेऊन आलास, माझ्या तोंडून माफी मागवायला. माफी मी मागितली नाही. तूच माझ्या वतीनं मागितलीस. माझं हे काम तू नेहमीच करायचास, म्हणून मला ते कधी शिकावं लागलं नाही.

मार्केट इकडे तुर्भ्याला आलं तसे आपणही खाडी ओलांडून आलो. मी वाशीला, तू नेरूळला. नवीन गाळा, नवीन शटर, आणि तुझं नवीन खूळ. रुमाल बंद करू.

"ज्याचा आंबा त्यालाच भाव कळत नाही, हे बरं दिसतं का?" तू म्हणालास. "बागायतदार इथं उभा असला तरी त्याला काय दिसतं? दोन माणसं हात धरून उभी. समोर पाटी लावू. मोठ्यानं भाव बोलू."

"मग तुझ्या हाताचं काय लोणचं घालायचं?"

"घाल. कंटाळलो मी ह्या हाताला."

मी हसलो. मार्केटातला सगळ्यात चांगला हात ज्याचा, तोच म्हणतोय हात नको. दोन हंगाम आपलं हे भांडण चाललं. तू म्हणायचास, आपल्या दोघांच्या वडिलांचा आंबा गावाहून जायचा तेव्हा त्यांना तरी कधी कळलं का. मी म्हणायचो, म्हणून तर आपण दलाल झालो. हे भांडण तसंच अर्धवट राहिलं. अर्धवट राहिलं म्हणूनच पुढचं सगळं झालं, असं मला आता वाटतं.

कारण त्याच सुमारास तू भांडायचा थांबलास.

मला वाटलं, दमला. खरं सांगू, मला वाटलं मी जिंकलो. मी काही म्हटलं की तू "बरं" म्हणायचास. तू उशिरा यायला लागलास. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण वर-खाली. वहिनींनी मला एकदा फोनवर सांगितलं, "भावजी, हे झोपत नाहीत. भिंतीकडे तोंड करून नुसते पडून असतात. मासे केले तरी ताटात चिवडतात." मी म्हटलं, पित्त असेल. एकदा देवगडच्या पेट्या फोडल्या, पहिल्या आलेल्या. तू नेहमी आधी फळ नाकाशी धरायचास आणि बाग ओळखायचास. त्या दिवशी तू आंबा हातात धरून नुसता उभा. मी विचारलं, काय, वास येत नाही का? तू म्हणालास, "येतो रे. पण त्याचं काही वाटत नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि माथाड्याला हाक मारायला वळलो. काय झालंय म्हणून थांबून विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी कारण मागितलं असतं, आणि कारण तुझ्याकडेही नव्हतं.

मग हात हलायला लागला.

आधी चहाच्या वेळी. उजवा हात मनगटापासून असा काही हलायचा की बशीत चहा सांडायचा. मग सही करताना. वाशीच्या डॉक्टरनं तपासलं, मुंबईला पाठवून डोक्याचा फोटो काढवला. सगळं नॉर्मल. रुमालाखाली मात्र तुझा हात पहिल्यासारखाच चालायचा. हे मी बघत होतो. चहाला हलतो, सहीला हलतो, आणि भाव करताना थांबतो. माझं डोकं ज्या धंद्यात घडलं त्या धंद्यात अशा गोष्टीचा एकच अर्थ होतो.

पुढे त्या हाताची तुझी तुलाच धास्ती वाटायला लागली, आणि मग ते हलणं रुमालाखालीही आलं. एप्रिलात, भर सीझनमध्ये, युसूफभाईनं रुमाल बाजूला केला. दहा वर्षांचं आपलं गिऱ्हाईक. मला म्हणाला, "शेठ, इनका हाथ हिलता है. मैं कितना समझूँ, दो या तीन?"

तू लगेच म्हणालास, "म्हणूनच सांगतो, मोठ्यानं बोलू."

तू हे म्हणाला नसतास तर, सदा. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात सगळे तुकडे जुळले. पटकन जुळले आणि सगळे चुकीचे. मला वाटलं, दोन वर्षं बोलून जे मिळालं नाही ते हा आता हात हलवून मिळवतोय. माझ्याशी भाव करतोय. मी आयुष्यभर लोकांचे डाव ओळखले, आणि हा समोरचा डाव मला इतके दिवस कळला नाही म्हणून मी आतून पेटलो.

मी युसूफभाईच्या हातातला रुमाल घेतला, तुझा हात धरला आणि वर टाकला. म्हटलं, "चल, माझ्याशी कर." आणि मुद्दाम दुसरं विचारलं. मालवणच्या गाडीतून किती पेट्या उतरल्या, ड्रायव्हर कोण होता, जेवला का. तू उत्तरं देत गेलास, आणि तुझी बोटं माझ्या बोटांवर भाव करत गेली. एकदाही हलली नाहीत. बावीस वर्षांत मी तुझा हात रुमालाखाली पहिल्यांदाच धरला होता. इतका हलका हात. कुठल्या पेरावर किती दाबायचं, जराही चूक नाही.

मी रुमाल ओढून काढला आणि चार गाळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा. थांबला. सगळं ढोंग आहे ह्याचं. शरीराला काही झालेलं नाही, सगळं डोक्यात आहे."

आणि सगळे बघायला लागले तसा तुझा हात पुन्हा सुरू झाला. मनगट, मग कोपर, मग खांद्यापर्यंत. मी म्हटलं, "घ्या, चालू झालं." कुणीतरी हसलं. तू डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवलास. मला इतकंच म्हणालास, "गण्या, मलाच कळत नाही रे." खाली पडलेला रुमाल उचलून पेटीवर ठेवलास आणि गेट नंबर दोनकडे चालत गेलास. त्यानंतर तू मार्केटात पाय ठेवला नाहीस.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, वाशीला एक डॉक्टरीण आहेत मनाच्या. त्या म्हणाल्या घरच्या कुणाला तरी आणा. ह्यांनी तुमचं नाव सांगितलं." मी गेलो. रागातच गेलो. मेडिकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक खोली, आणि ती माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं तुला दोन्ही हात पुढे धरायला सांगितले. उजवा हलत होता. म्हणाली, डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर मी वाजवते तसा ठेका धरा. तू धरलास. आणि काय आश्चर्य, उजव्याचं हलणं त्याच ठेक्यावर आलं. मग म्हणाली, आता शंभरपासून उलटे आकडे मोजा, मोठ्यानं. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. ऐंशीच्या आसपास तुझा हात टेबलावर निवांत पडला होता. तू त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होतास.

मी उसळलोच. "मी हेच म्हणत होतो मॅडम. त्याला थांबवता येतो."

"त्यांना थांबवता येत नाही," ती म्हणाली. "लक्ष दुसरीकडे गेलं की तो थांबतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"काय फरक?"

"तुम्हाला राग येतो?"

तू तिथं पहिल्यांदा हसलास. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, येतो.

"ठरवून आणता? आत्ता तुमच्या कपाळावरची शीर उठलीय, ती तुम्ही उठवलीत?"

मी कपाळावरून हात फिरवला. मग तिनं नीट समजावलं. डोक्याच्या फोटोत दोष नाही, नसांना इजा नाही, पण म्हणून आजार खोटा नाही. मन फार दिवस खचलेलं असलं की काहींच्या बाबतीत ते शरीराच्या हालचालीत उतरतं, कुणाचा हात हलतो, कुणाचा पाय ओढला जातो. माणूस ते करत नसतो, ते त्याला होतं. उदासीला गोळ्या आहेत, हाताला सराव आहे, दोन्हींना वेळ लागेल. "आणि हात थांबतो ही चांगली बातमी आहे," ती तुला म्हणाली. "थांबू शकतो म्हणजे बरा होऊ शकतो." शेवटी आणखी एक सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. "नवीन काही दुखलं खुपलं तर तेही मनाचंच असं धरायचं नाही. आधी साध्या डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्यायचं." तू मान हलवलीस.

म्हणजे तिनं तीच परीक्षा घेतली जी मी मार्केटात घेतली होती. लक्ष दुसरीकडे वळवलं आणि हात बघितला. तिला आजार दिसला, मला चोरी दिसली.

तिथून रिक्षानं आपण नेरूळला गेलो. वहिनी मध्ये, आपण दोघं कडेला. मला कळलं होतं, सदा. जुईनगर यायच्या आधीच कळलं होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण आपल्या धंद्यात जो आधी आकडा बोलतो तो उतरतो, आणि मी कधी कुणापुढं उतरलेलो नाही. मी रस्त्याकडे बघत राहिलो. सोसायटीच्या दारात तू म्हणालास, "चहा घेऊन जा." मी म्हटलं, गाळ्यावर कुणी नाही. गाळ्यावर तीन माणसं होती.

नंतर दर रविवारी मी येत राहिलो. कधी पेअर, कधी सफरचंद. गॅलरीत वेताच्या खुर्च्यांवर आपण बसायचो. तू हळूहळू सुधारत होतास, ते दिसत होतं. दाढी रोज व्हायला लागली. कपातला चहा कपातच राहायला लागला. वहिनी स्वयंपाकघरातून मला खूण करायच्या, की आज भात दोनदा घेतला. शेवटच्या रविवारी तू मोसंबी सोलत होतास, स्वतःच्या हातानं, साल एका तुकड्यात काढायची तुझी जुनी खोड. मध्येच थांबून म्हणालास, "गण्या, त्या दिवशी मार्केटात..."

आणि मी म्हटलं, "मोसंबी आंबट आहे का रे?"

तू माझ्याकडे बघितलंस. एक फोड तोंडात टाकलीस. म्हणालास, "नाही. गोड आहे."

तू आधी बोलला होतास. उतरायचं ते तूच उतरला होतास, मला फक्त हो म्हणायचं होतं. आणि मी ते तुझ्या तोंडातल्या तोंडात ठेवलं. काय म्हणणार होतास? मला शिव्या घालणार होतास? की पुन्हा माझ्या वतीनं तूच माफी मागणार होतास? मी या तीन आठवड्यांत ते वाक्य शंभर प्रकारे पुरं करून बघितलं. एकही तुझ्यासारखं वाटत नाही.

पुढच्या मंगळवारी तू गेलास. कसा, ते मला वहिनींनी तेराव्याला सांगितलं, लोक पांगल्यावर. तोवर मला एवढंच माहीत होतं की हार्ट अटॅक, घरीच, अकराच्या सुमारास.

तू गॅलरीत बसला होतास. छातीत आवळल्यासारखं होतंय, डावा हात जड झालाय, असं म्हणालास. वहिनी म्हणाल्या, भावजींना फोन करू का, गाडी घेऊन येतील. तू म्हणालास, "नको. हे माझं नेहमीचंच. लक्ष दुसरीकडे घातलं की जाईल." आणि तू शंभरपासून उलटे आकडे मोजायला लागलास, मोठ्यानं. वहिनी कुकर लावता लावता ऐकत होत्या. सत्तेचाळीसला तुझा आवाज थांबला. त्यांना वाटलं झोप लागली. इतक्या महिन्यांत तुला दिवसा कधी डोळा लागला नव्हता, त्यांना बरं वाटलं. शिटीनं तू जागा होऊ नयेस म्हणून त्यांनी गॅस बंद केला.

मी विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, नवीन काही झालं तर तपासून घ्या म्हणून?"

वहिनी म्हणाल्या, "मी तेच म्हटलं ह्यांना. तर म्हणाले, डॉक्टर माझ्या बाजूनं बोलते गं, तिचं कामच आहे ते. गण्याला खरं खोटं कळतं. तो म्हणाला शरीराला काही नाही, म्हणजे नसेल." मग म्हणाल्या, "त्यांना आतून वाटायचं भावजी, की आपणच कुठंतरी खोटं बोलतोय आणि आपल्याला ते समजत नाही. तुम्हाला समजलं."

त्यांनी हे दोष देऊन सांगितलं नाही. माझ्यापुढे चहा ठेवत सांगितलं. म्हणून मी तुझ्यावर चिडलेलो आहे, सदा. माझा रंग, माझा गाळा, माझ्या मुलाचं कॉलेज, माझं काही म्हणून तू सरळ मान्य केलं नाहीस. माझं सगळ्यात खोटं बोलणं तेवढं तू मनात ठेवलंस, आणि त्याच्यावर जीव टाकलास.

परवा मी युसूफभाईला गाठलं. त्याच जागेवर, चार गाळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सदा ढोंग करत नव्हता, मी चुकलो. युसूफभाई पेटीवर बसला होता. म्हणाला, "शेठ, हमको उसी दिन मालूम था. आप उनका हाथ देख रहे थे. हमने उनकी शकल देखी थी."

माझं काम काय होतं आपल्यात? तोंड वाचायचं. तुझ्यामागे उभा राहून बावीस वर्षं मी समोरच्याचं तोंड वाचलं, आणि तू समोर आलास तेव्हा खाली बघत राहिलो.

वहिनींनी तुझ्या औषधांच्या पिशवीतलं कार्ड मला दाखवलं होतं. पुढची तारीख, गुरुवार, सकाळी साडेदहा. ती रद्द करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काल गुरुवार होता. कळवून येतो असं घरी सांगून मी निघालो, आणि तिथं बाकड्यावर बसून राहिलो. सहा माणसं होती. एका बाईचा पाय ओढला जात होता, तिचा नवरा तिला हळू आवाजात म्हणत होता, "सरळ टाक ना, सगळे बघतायत." मी त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलावं असं वाटलं, पण काय बोलणार? मी कोण त्याला सांगणारा? तेवढ्यात आतून तुझं नाव पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. मी उठलो आणि आत गेलो.

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, तू मागून येतोयस का म्हणून. मी सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं कसं झालं, मी आकड्यांसकट सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढला.

मी म्हटलं, "मॅडम, सरळ सांगा. माझ्या बोलण्यानं गेला का तो?"

"बोलण्यानं हृदयाच्या नळ्या बंद होत नाहीत," ती म्हणाली. "तो आजार वेगळा होता, आणि तो माझ्याही लक्षात आला नाही." मग ती थांबली.

मला अर्धवट सौदा आवडत नाही. म्हटलं, "पुढं बोला."

"त्यांनी वेळेवर कुणाला बोलावलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही असणार नाही. ते तसंच घेऊन राहावं लागेल."

तिनं भाव कमी केला नाही, म्हणून मला ती आवडली. मी उठलो. दाराशी गेलो आणि परत वळलो, कारण जे सांगायला आलो होतो ते राहिलंच होतं.

"मॅडम, त्याचा हात खरंच हलत होता."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

एवढंच वाक्य होतं, सदा. तुझ्या तोंडावर ते बोलायला मला उन्हाळ्यापासून इतके रविवार होते, आणि वाशी ते नेरूळ मध्ये दोनच स्टेशनं.